चौकात शब्द तुटतात

४ मार्च

कलाकार,

फोन करत नाही. आपण बोललो की भांडतो आणि लिहिलं की निदान स्वल्पविरामापुरतं तरी थांबतो, असं तूच म्हणाला होतास. म्हणून हे पत्र. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्यानंतरचं हे पहिलंच, तेव्हा आधीच सांगून टाकते : घरातलं काही मागायचं नाहीये. ऑफिसचं आहे.

आपल्या खेळातलं बंदर धापा टाकतंय. तू गेलास तेव्हा तिथे चार टाळकी फिरायची. आता कुठल्या कुठल्या गावांहून लोक येतात, होड्या चालवतात, मासे विकतात, धुक्यातल्या चाच्यांशी लढतात आणि लढून झालं की सगळे कारंज्याच्या चौकात येऊन गप्पा छाटतात. गर्दी झाली म्हणून आपण खूश व्हायला हवं होतं. पण चौक भरला की जुन्या फोनवर खेळ अडखळतो. सेकंदाला तीस चित्रं दिसायला हवीत तिथे आठ-नऊ दिसतात. माणसं चालत नाहीत, बेडकासारखी टुणटुण उडतात. चाचा समोर आहे असं वाटून तलवार उगारावी, तर तो केव्हाच मागे येऊन उभा. लोक वैतागतात आणि खेळ काढून टाकतात.

मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. मेअखेरपर्यंत जुन्या फोनवर खेळ सुरळीत चालला नाही तर मालक जुन्या फोनवर तो बंदच करणार. निम्म्याहून जास्त लोक जुन्याच फोनवर आहेत. म्हणजे ते गेले की चौक ओस, आणि मग बंदरालाच कुलूप. "कापा," म्हणाल्या. "जे जे दिसायला छान आणि कामाला शून्य, ते कापा." कापायचं खातं माझ्याकडे आहे हे तुला सांगायला नको.

यादीत सगळ्यात वर तुझी बोटं आहेत.

दोन्ही हातांची दहा, प्रत्येकाची पेरं वेगळी, वर तळव्याच्या घड्या. कॅमेऱ्यासमोर हात धरला की खेळातल्या माणसाचा हात तसाच हलणार, बोटांच्या मुद्रांनी जादू करता येणार, ही तुझी हौस. जादू आता बटण दाबून होते. कॅमेऱ्यासमोर हात धरून कोणी बसत नाही. बाईंचं म्हणणं, बोटं काढा आणि हातमोज्यासारखा सपाट पंजा लावा. चौकात शंभर माणसं म्हणजे हजार बोटं, त्यांचा हिशेब फोनने कशाला करायचा?

त्या हातांच्या आत तू काय काय लपवून ठेवलंयस ते इथे कोणालाच कळत नाही. मूळ फाइल आणि थोडं मार्गदर्शन पाठव. आणि तुझ्या कामाला कात्री लागतेय हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढंच.

तुझ्या आई बऱ्या आहेत. मी अजून खालच्याच मजल्यावर आहे, त्या वर. त्यांचा टीव्ही मला माझ्या स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू येतो, त्यामुळे बातम्या मला फुकटात मिळतात.

— खालच्या मजल्यावरची

१५ मार्च

कलाकार,

"काप. तेच तर येतं तुला." तुझं पाच शब्दांचं पत्र मिळालं. मनापासून आभार. एवढं मोठं लिहायला तुला किती कष्ट पडले असतील!

पण एक सांगू? लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत आपलं भांडण हे एकच होतं. तू वाढवत राहायचास आणि मी चालेल इतपत उरवत राहायचे. खेळात तसं, घरात तसं. तू भिंतीवर तिसरं चित्र लावायचास, मी दोन उतरवायचे. कोणाचं बरोबर होतं ते आता कोण ठरवणार. पण कापायला मला आवडतं हे तू ठरवून टाकलं होतंस. मला विचारलं नव्हतंस.

असो. खाली ताजा कलम म्हणून जे लिहिलंयस त्याचं उत्तर. आई तुझा फोन का तोडतात? अरे, वरच्या खोलीत रेंज नसते. अर्धवट ऐकू आलं की त्या काहीतरी "हो हो, ठीक" म्हणतात आणि ठेवून देतात. तू गेलास म्हणून रागावल्यात, असं नाही. निदान माझ्यापाशी तरी तसं बोलल्या नाहीत. आणि तू ते लांबलचक बोलून पाठवतोस ना, व्हॉइस मेसेज, त्यांना उत्तर येत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. चार ओळी टाइप करून पाठवत जा. हात रंगात बुडालेले असतात हे कारण आता पुरे. धुवून ये.

इकडे मामाने कपाटातला खण उघडलाय. आपला चाचणीवाला मामा, आठवतो ना, जगातला कुठलाही खेळ पाच मिनिटांत बंद पाडून दाखवणारा. त्याने जुने फोन जमवलेत. काचा तडकलेले, बॅटरी फुगलेले, एकाला रबरबँड लावलंय. म्हणतो, "नव्या फोनवर खेळ चालतो यात काय कौतुक? नव्या फोनवर काहीही चालतं." एक जुना टॅब मी त्याच्याकडून मागून आणला आणि आईंना दिला. म्हटलं, आई, घरबसल्या चाचणी करा, कुठे अडतं ते सांगा.

त्या म्हणाल्या, "म्हणजे जुनं यंत्र आणि जुनी बाई, एका दमात दोघींची तपासणी?"

पण बसल्या. भूगोलाच्या मास्तरीण त्या. पहिल्या दिवशी बंदराचा नकाशा पाहून म्हणाल्या, नदी डोंगराकडे वाहतेय, कोणी काढलंय हे? मी तुझं नाव सांगितलं. "मग बरोबर," म्हणाल्या.

— ती

२ एप्रिल

कलाकार,

आज तुला खरंच काहीतरी सांगायचंय, तेव्हा टोमणे नाहीत.

कापायच्या आधी जुन्या तक्रारी वाचायची माझी सवय आहे. "खेळ अडकतो", "खेळ गरम होतो", "माझी होडी हवेत लटकली", अशा ढिगाऱ्यात एक सापडली. एकाच बाईने पुन्हा पुन्हा पाठवलेली. "चौकात गर्दी झाली की माझे शब्द तुटतात." आपल्या मदतकक्षाने दर वेळी तिला एकच उत्तर दिलं होतं : कृपया आपला मायक्रोफोन तपासा. शेवटच्या तक्रारीत तिने लिहिलं होतं, "माझ्याकडे मायक्रोफोन नाही. मला त्याचा उपयोगही नाही. एकदा येऊन बघा तरी."

म्हणून गेले. दुपारी, जेवायच्या सुट्टीत, मामाच्या रबरबँडवाल्या फोनवरून. कारंज्याच्या मागे जाळी वाळत घालायची भिंत आहे बघ, तिथे वीस-पंचवीस जण गोल करून उभे. लढत नव्हते, विकत नव्हते, काही टाइपही करत नव्हते. नुसते हात हलवत होते. आधी मला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग लक्षात आलं की एक जण हलवतोय आणि बाकीचे बघतायत, मग दुसरा हलवतोय. आणि मध्येच सगळ्यांचे खांदे एकदम हलले. हसले होते ते.

ती माणसं कॅमेऱ्यासमोर हात धरून तुझ्या बोटांनी बोलत होती रे.

तक्रारवाल्या बाईला सगळे सुई म्हणतात. खरी शिवणकाम करते, जन्मापासून ऐकू येत नाही. तिने मला टाइप करून सांगितलं, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं. तिच्या गावात खुणांनी बोलणारं कोणी नाही. व्हिडिओवर बोलता येतं, पण एका वेळी एक-दोघांशी. आणि व्हिडिओवर आपलं घर दिसतं, मागे सासू फिरत असते. "इथे चौक आहे," ती म्हणाली. "कोणीही येऊन उभं राहतं. मला आयुष्यात पहिल्यांदा गर्दीत उभं राहून गप्पा मारता आल्या. चेहरा दिसत नाही म्हणून बोलणं अर्धंच. पण अर्धं तर अर्धं."

मी विचारलं, शब्द तुटतात म्हणजे काय?

"हात पुढे गेला तर उद्या. मागे आला तर काल. मधलं गाळलंत तर हात नुसता आधी इथे आणि मग तिथे दिसतो. परवा मी मैत्रिणीला उद्या ये म्हटलं. तिला काल दिसलं. ती विचार करत बसली की काल तर मी आले होते."

मी हे काम इतकी वर्षं करतेय. सेकंदाला किती चित्रं, हा माझ्यासाठी आकडा होता. वाढला की बाई खूश, कमी झाला की मीटिंग. हरवलेल्या चित्रात कोणाचं तरी बोलणं असू शकतं असं कधी डोक्यातच आलं नाही. येण्यासारखं काही समोर आलंच नव्हतं म्हण.

त्या गोलात एक म्हातारी कोळीणही होती. डोक्यावर टोपली, पायात मोठे बूट. नवशिकी असावी, सुई तिची बोटं सारखी सुधारत होती. तिच्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

फाइल पाठव. कापायला नको आहे. वाचवायला हवी आहे.

१८ एप्रिल

कलाकार,

फाइल आली. सोबत एक अक्षरही नाही, पण आली. खाली एका हाताचं पेन्सिलचित्र होतं, ते मी टेबलावर लावलंय. एकच लावलंय, घाबरू नकोस.

मोठ्या बाईंना मी चौकात नेलं. पाच मिनिटं भिंतीपाशी उभ्या राहून त्यांनी ते हात बघितले. मग म्हणाल्या, "हे सगळं मला कळतं. वाईटही वाटतं. पण मालकांपुढे मी काय ठेवू? तीस चित्रं ठेवीन की ही गोष्ट ठेवीन?"

मी म्हटलं, "दोन्ही ठेवा."

"आणि दोन्ही जमलं नाही तर?"

"तर बोटं जातील आणि खेळ राहील. पण आधी मोजू तर द्या. बोटांवर आळ आलाय, चौकशी झालेली नाही."

त्या हसल्या. मेअखेर म्हणजे मेअखेर, एवढं बजावून गेल्या.

मग मी आणि मामाने मोजलं. चौकातलं एकेक बंद करत गेलो आणि फोन कशाने दमतो ते बघत गेलो. बोटं निष्पाप नाहीत, पण मुख्य गुन्हेगार दुसरेच निघाले. सगळ्यात जड काय, तर झगे. प्रत्येकाच्या पाठीवर झगा, आणि प्रत्येक झगा वाऱ्यावर खऱ्या कापडासारखा फडफडतो. त्यानंतर सावल्या. दिवे चाळीस, म्हणजे एकेका माणसाच्या ढीगभर सावल्या, एकावर एक. त्यानंतर झेंडे. आणि बोटांचा खर्च होतो त्यातला बराचसा अगदी वेडगळ कारणाने : भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या, पाठ करून बसलेल्या, होडीतून निघून चाललेल्या माणसांचीसुद्धा पेरं न् पेरं फोन मोजत बसतो. आणि ती पेरं सगळ्यांची सगळ्यांना पाठवत बसतो. गावजेवणाचं आमंत्रण दिल्यासारखं.

तेव्हा झगे सपाट होतील, सावली एकेकच उरेल, झेंडे निपचित पडतील. दिसतील त्यांचीच बोटं मोजायची, जवळ असतील त्यांनाच पाठवायची. एवढं केल्यावर आम्ही रबरबँडवाल्या फोनवर बाविसाला पोचलो. सुईला दाखवलं. "पूर्वी बोबडं होतं, आता नुसतं अडखळतं," म्हणाली. तिला तीसच हवेत.

उरलेलं तुझ्या हातांतूनच काढावं लागेल. प्रत्येक हातात दिसणाऱ्या पेरांखेरीज कितीतरी आधाराची हाडं घातलीयस तू. कातडी दुमडावी म्हणून, अंगठ्याखाली मांसल फुगवटा यावा म्हणून. त्यातलं काय गेलं तर अर्थ जाणार नाही, ते मला ठरवता येत नाही. मी कापलं तर अर्थ कापीन. हे तूच करायला हवंस.

आता दुसरं. आईंचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून ते सांगता येत नाही, मी शब्द दिलाय. मी म्हणत होते की तुला सांगू या, त्या म्हणत होत्या, नाही. शेवटी म्हणाल्या, "रागीट आई चालेल त्याला. बिचारी आई नको." आणि दार लावून घेतलं. दोन दिवस जिन्यात भेटल्या तरी बघत नव्हत्या. काल आपण होऊन टॅब घेऊन खाली आल्या, म्हणाल्या चार्जर सापडत नाही. चार्जर त्यांच्या हातातच होता.

हे लिहायला नको होतं बहुतेक. पण खोडत नाही.

२२ एप्रिल

आजारी नाहीत. चालतात, फिरतात, रोज लिफ्टला शिव्या घालतात. तिकीट काढू नकोस. तू असा तडकाफडकी दारात उभा राहिलास तर त्यांना वाटेल की मी चुगली केली, आणि त्यांना स्वतःच्या तोंडाने जे सांगायचंय ते त्या कधीच सांगणार नाहीत.

सांगणार आहेत. मी मागे लागलेय. थोडा धीर धर.

आणि काय ते विचारायला दिवसातून चार व्हॉइस मेसेज त्यांना पाठवणं बंद कर. कृपा करून टाइप कर.

५ मे

कलाकार,

तुझे नवे हात आले.

उघडून बघितले तेव्हा आधी वाटलं चुकीची फाइल आहे. इतकी कमी हाडं? तळव्याची घडी गेली, फुगवटा गेला, नखांची ती चमक गेली जिच्यासाठी तू एक अख्खा आठवडा ऑफिसातच मुक्काम ठोकला होतास. मामा म्हणाला, "हे त्याने स्वतः केलं? आपल्या हाताने?" मी म्हटलं, हो. तो चहा आणायला गेला.

करंगळीला मात्र तू एक हाड वाढवलंयस. सगळं कमी करताना तिथे वाढवलंस. मी विचारणारच होते, तेवढ्यात सुईने स्वतःहून सांगितलं की पूर्वी करंगळी एकटी नीट ताठ व्हायची नाही, शेजारचं बोट सोबत ओढून आणायची, त्यामुळे तिचा एक शब्द दुसऱ्यासारखा दिसायचा. तू तिच्याशी आधीच बोलला होतास तर. मला कळवलं नाहीस ते ठीक आहे. बरं वाटलं.

नवे हात बसवून चौकात शंभर माणसं उभी केली. तीस. मामाने काच तडकलेला फोन घेतला. तीस. रबरबँडवाला गरम झाला, पण अठ्ठावीसच्या खाली आला नाही, आणि मामाच्या मते त्याला आता सेवानिवृत्ती द्यायला हरकत नाही. सुई भिंतीपाशी उभी राहून इतक्या भराभर बोलत सुटली की तिचीच मंडळी तिला हळू हळू म्हणून हात करत होती.

बाईंनी आकडे मालकांकडे पाठवलेत. झेंडे हलत नाहीत म्हणून तक्रारी येतायत. येऊ देत.

आता काम आहे तुझ्याकडे. हातांची शेवटची चाचणी बनवणाऱ्यानेच करायला हवी. सुईकडून थोड्या खुणा शीक. ती तयार आहे. फार नकोत : मी, तू, हो, नाही, कळलं, पुन्हा सांग, असं रोजचं. सतरा तारखेला, शनिवारी, दुपारी चौकात ये. कॅमेरा चालू ठेव आणि खिडकीसमोर बस म्हणजे उजेड हातांवर पडेल. समोर कोण असेल ते सांगत नाही. चाचणी आहे असं समज.

मागे म्हातारी कोळीण म्हटलं होतं, ती असेल. नीट वाग तिच्याशी.

१८ मे

कलाकार,

चौकात काय झालं ते तुला माहीत आहे. खोलीत काय झालं ते माहीत नाही, ते लिहिते.

आई सकाळपासून तयार होत्या. इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो आई, त्याला तुमची साडी दिसणार नाहीये." कागदावर लिहून दाखवावं लागलं. आता मी जवळजवळ सगळं लिहूनच दाखवते. त्या म्हणाल्या, "मला दिसते ना?"

टॅब जेवणाच्या टेबलावर बरणीला टेकवून ठेवला, त्यात कारंज्यामागे उभी त्यांची म्हातारी कोळीण. मी शेजारी बसले, माझ्या फोनवर चित्रांचा आकडा लावून. तुझा माणूस चौकात आला, तोच तुझा जुना निळा कोट. आई ताठ बसल्या. त्यांना घाम आला होता. वर्गात इतकी वर्षं खणखणीत आवाजात शिकवलेली बाई, आणि दोन हात वर उचलायला घाबरत होती. मला म्हणाल्या, "चुकलं तर?" मी लिहिलं, चुकलं तर पुन्हा. त्या म्हणाल्या, "हे बरं आहे. माझ्यावर कोणी एवढी मेहरबानी करत नाही. दुसऱ्यांदा विचारलं की लोक म्हणतात, जाऊ दे, काही नाही."

वरच्या खोलीत रेंज नसते हे मी खोटंच लिहिलं होतं, पण त्या तुझे फोन का ठेवून देत होत्या ते मला हे ऐकून पुरतं समजलं. दोन वर्षांपासून त्यांचं ऐकणं कमी होत होतं, मग भराभर गेलं. तुझा आवाज ऐकू यायचा, शब्द यायचे नाहीत. "काय म्हणालास" किती वेळा विचारायचं? तू वैतागशील, आणि वैतागला नाहीस तर कीव करशील. त्यापेक्षा "ठीक आहे" म्हणून ठेवलेला बरा. ते व्हॉइस मेसेज सगळे त्यांनी ठेवलेत. फोन छातीशी धरून लावतात. थरथर जाणवते, म्हणाल्या.

मग त्यांनी हात उचलले. आधी "मी". मग "आई", सुईने शिकवलेली खूण, हळू, अगदी फळ्यावर लिहिल्यासारखी. मग बोट कानापाशी नेलं आणि पंजा मिटून खाली आणला : ऐकू येत नाही.

तुझा माणूस हललाच नाही.

वाटलं, गेलं सगळं, ऐन वेळी खेळ अडकला. फोनवर बघितलं तर तीस. मागे कारंजं वाहत होतं, एक पोरगी होडी ओढत चालली होती, सगळं सुरळीत. खेळ अडखळला नव्हता. तू अडखळला होतास.

आई टॅबकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर त्यांनी तो झटकला. आणि मग तुझे हात वर आले. अर्ध्यावर थांबले, पुन्हा वर गेले. तेही सगळं दिसत होतं बरं का, प्रत्येक चित्रात. तुला मोजक्याच खुणा येत होत्या आणि त्यातली तू "पुन्हा सांग" काढलीस.

आई मोठ्याने हसल्या. इतक्या मोठ्याने की समोरच्या दारातल्या काकू बघायला आल्या. "बघ," म्हणाल्या, "आता याची पाळी! विचार म्हणावं पुन्हा पुन्हा!" आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. तू पुन्हा विचारलंस, त्यांनी पुन्हा सांगितलं. रडत होत्या पण हात चुकला नाही. तिसऱ्यांदा तू "कळलं" केलंस.

त्यानंतर तुम्ही दोघं तासभर काय बोलत होतात ते मला अर्धंसुद्धा समजलं नाही. बऱ्याच वेळा तुम्हा दोघांनाही समजलं नसावं. शेवटी दोघंही टाइप करायला लागलात, ते मी बघितलं नाही. मी उठून खिडकीशी गेले. आपल्या दोघांचं जे व्हायचं ते होऊन गेलंय, त्यात काही बदललंय असं मी म्हणत नाही. पण तुझे हात बघताना मला तुझा राग आला नाही. बऱ्याच काळानंतर.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय. त्यांनीच वेळ ठरवलीय. यंत्र लावून थोडं येईल, सगळं नाही, असं म्हणतात. खुणा शिकणं मात्र सोडणार नाहीत, कारण सुई त्यांना आता मराठीतल्या म्हणी खुणांत कशा करायच्या ते विचारते आणि त्यांच्या अंगात पुन्हा मास्तरीण शिरलीय. मालकांचं पत्र आलं. जुने फोन राहतायत. बाईंनी त्यावर काही भाषण केलं नाही, चौकातल्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सुईला वाकून नमस्कार केला. सपाट पंजांनी नव्हे, दहा बोटांनी.

काल सगळं आटोपल्यावर आईंनी टॅब बंद केला, डोळे पुसले, आणि मला विचारलं, "काय गं, बारीक झालाय का तो?"

मी कागद ओढला आणि लिहिलं : आई, तो खेळातला माणूस आहे. सगळ्यांचे सारखेच दिसतात.

त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात मागच्या बाकावर गप्पा मारताना सापडले.

"माणूस खेळातला," म्हणाल्या. "हात हलवत होता तो माझा मुलगा. मी हातांवरूनच विचारतेय."

मी त्याखाली लिहिलं : उत्तर त्याच्याकडूनच घ्या. तू दे त्यांना.